स्टेपनीवाला बैल

मला चित्र काढता येत नाही. लहानपणी मी काढलेली गाय पाहून आमची आई म्हणाली होती, "बाज छान जमली गं, पण माणूस निजवायचा राहिला." अशा बाईच्या गळ्यात कार्यानुभवाचा तास पडला. मी नांदेडहून रोज एसटीने कंधार तालुक्यातल्या एका गावी जाते, पहिली-दुसरीचा वर्ग घेते. घरी सांगितलं, तर नवऱ्याचा घास हातातच राहिला. "तू कला शिकवणार? त्या लेकरांनी तुझं काय घोडं मारलंय?"

पोळा तोंडावर आला होता. आमच्याकडे पोरं दरवर्षी मातीचे बैल करतात आणि सणाला घरी पाटावर मांडून पुजतात. मी नुकतीच एका प्रशिक्षणात 'मुलांच्या कल्पनेला वाव द्या' असं ऐकून आले होते. म्हटलं, देऊ वाव.

"यंदा असा बैल करा, जो कुणीच कधी पाहिला नाही."

मग मागून एक आवाज, "मॅडम, मारनार न्हाई ना?"

नाही म्हणाले, आणि तासाभरात माझं डोळे फाडून बघणं सुरू झालं. एका बैलाला ट्रॅक्टरची चाकं. एकाच्या शिंगांवर टॉवर. "आमच्या शेतातल्या आखाड्यावर रेंज येत न्हाई." आणि दुसरीतल्या एका मुलीच्या बैलाला चक्क पाच पाय.

"पाचवा कशाला गं?"

"स्टेपनी हाय, मॅडम."

मी इतकी हसले की माझं टेबल हललं. ते तसंही हलतं, एक पाय आखूड आहे त्याचा. तिच्या हातावर लाल पेनाने चांदणी काढून दिली. ती मात्र हसली नाही. हे मला दिसलं, पण चांदणी नीट आली नसेल असं वाटलं. माझ्या चांदण्यांची ख्याती आहेच.

पोळा झाला. शाळा भरली आणि वर्गाच्या दारात तिचे आजोबा उभे. गावात कुणालाही बैल घ्यायचा तर आधी त्यांना बाजारात नेतात. ते जनावराभोवती एक फेरी मारतात आणि खोड, म्हणजे अंगातलं वैगुण्य, सांगतात. त्यांनी खोड काढली की व्यवहार मोडलाच. त्यांच्या हातात टॉवेल, टॉवेलात तो पाच पायांचा बैल.

"हे तुमी शिकवलं का, बाई?"

"आजोबा, ते आपलं... कल्पना म्हणून."

"माज्या घरात पाटावर खोडीचा बैल! आजवर झालं न्हाई. उचलून बाजूला ठेवला, तर पोरगी जेवली न्हाई. पुरनाची पोळी तशीच ताटात."

मी माफी मागायला तोंड उघडलं. तेवढ्यात ती बसल्या जागेवरून बोलली. "कल्पना न्हाई, मॅडम. आपला पांढरा हाय त्यो."

"कोण पांढरा?"

"आमचा बैल. त्याचा मागला पाय दुखून राहिलाय. ह्येच आबा फोनवर म्हनले, पाय गेला, आता बाजारात इकतो. म्हनून मी एक जास्तीचा लावला."

ज्या पायाला मी खदाखदा हसले होते, तो तिने नवसासारखा लावला होता. आजोबांकडे बघावं तर ते बैल उलटा करून तो पाय बघत होते. मग बैल माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "ह्याला हितंच राहू द्या, बाई. घरात असला तर माजा पाय बाजाराकडं उचलायचा न्हाई."

"न्हाई!" मुलगी उठून आली, बैल छातीशी धरला आणि जागेवर जाऊन बसली. आजोबा टॉवेल झटकून गेले.

बाजाराच्या दिवशी एसटीच्या खिडकीतून मी रस्त्यावरचा प्रत्येक पांढरा बैल न्याहाळला. सगळेच मला लंगडताना दिसले. शेजारची बाई म्हणाली, "बैल घ्यायचाय का ताई?"

दुसऱ्या दिवशी ती मुलगी शाळेत आली. माझ्यासमोर मूठ उघडली. मुठीत मातीचा पाय. तोच, पाचवा, मोडून काढलेला.

"विकला का गं पांढरा?"

"न्हाई."

"मग हा का मोडलास?"

"आबा बाजाराला गेलेच न्हाईत. म्हनले, लई राबला त्यो, आता बसून खाऊ दे. बसायचंच हाय, तर जास्तीचा पाय कशाला?"

"आणि तुझा मातीचा बैल?"

"पाटावर हाय. आबांनीच ठेवला. म्हनले, आता खोड न्हाई."

मग ती खाली वाकली आणि तो पाय माझ्या टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवला. "तुमचं टेबल लंगडतं ना, म्हनून आनला."

कच्च्या मातीचा तो, एका हजेरीत भुगा होणार. टेबलावर हात टेकायची माझी छाती झाली नाही. त्या दिवशी मी हजेरी मांडीवर घेतली.