उघडं राहिलेलं कपाट

त्या वर्षी देवीशी माझा अबोला होता. आठ महिने मी तिच्यापुढे निरांजन लावलं नव्हतं. तालुक्याच्या दवाखान्यात बावीस वर्षं प्रसूती विभाग सांभाळल्यावर सगळ्या नर्सेसवरच्या मेट्रनची जागा मलाच मिळणार, असं सगळे म्हणत होते. मी नवस बोलले होते आणि नवसातही घासाघीस केली होती: आधी एकच नारळ, काम झालं तर पाच आणि वर जरीची साडी. जागा मिळाली बाहेरून आलेल्या, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, पण मोठी पदवी असलेल्या बाईंना. मी साखरखेर्ड्याच्या बाजारात आईशेजारी बसून वांगी-मेथी विकत शिकलेली. मला वाटलं, देवीनं इसार घेतला आणि माल दुसऱ्याला दिला.

त्याच हिवाळ्यात नर्सिंगच्या वरच्या पदवीच्या तीन मुली महिनाभर आमच्याकडे आल्या. विभाग कसा चालवायचा, ड्युट्या कशा लावायच्या, माणसं कशी सांभाळायची, हे त्यांनी माझ्याकडून शिकायचं होतं. आपणच शिकवायचं आणि उद्या यांनीच आपल्या डोक्यावर बसायचं, या रागात पहिल्या दिवशी मी त्यांना धड बसाही म्हटलं नाही. आज निवृत्त झाल्यावर मात्र तोच महिना सारखा आठवतो. दुपारी खिडकीतून येणारं कोवळं ऊन, एकाच डब्यातून तिघींनी वाटून खाल्लेल्या भाकरी, माझ्या चालण्याची नक्कल करताना मी मागे उभी आहे हे कळल्यावर उडालेली त्यांची गाळण.

त्यांतली मेघा मलकापूरची. वडील कापसाच्या जिनिंगवर हमाली करायचे. तीही माझ्यासारखीच स्वतःच्या बळावर वर आलेली होती, पण तेव्हा ते मला दिसलं नाही. प्रत्येकीनं विभागात एक सुधारणा करून दाखवायची होती. मेघानं माझ्या कपाटावरच बोट ठेवलं. न रडणाऱ्या बाळाला हातानं दाबून श्वास देण्याची पिशवी असते, आम्ही तिला अंबू म्हणतो. भांडारातून भांडून आणलेली नवी अंबू मी त्या लोखंडी कपाटात ठेवत असे. बाहेर जुनी असायची. किल्ली माझ्या कमरेला, आणि ड्युटी संपली की माझ्यासोबत घरी.

"मॅडम, हे कपाट काऊन बंद ठेवता?"

"हरवलं तर मले भरून द्या लागते. तुह्या कॉलेजले नाही."

"आठ दिवस उघडं ठेवून पाहू."

"एक दिवस."

"पाच?"

"दोन. बाजारात बसली होती का वं तू?"

"नाही मॅडम, तुमच्याजवळच शिकून राह्यली."

मला हसू आलं आणि मी तीन दिवसांवर सौदा पक्का केला. तिसऱ्या दिवशी दुपारी कुलूप लावायचं, हे ठरलेलं.

तिसऱ्या दिवशी ड्युटी संपताना मी कपाटाकडे निघाले, तोच एक म्हातारी दारात आली. डोक्यावर पदर, ओच्यात ओला हरभरा. "बाई, मह्या सुनेले इथंच आणलं म्हनतात. मले काही गवसून नाही राह्यलं." तिनं माझा हातच धरला. आम्ही बाळंतिणींचा आणि बायकांचा, दोन्ही विभाग पालथे घातले. शेवटी कळलं की सून भलत्याच दवाखान्यात होती. म्हातारी चुकीच्या फाट्यावर उतरली होती. तिला रिक्षात बसवलं, तिनं मूठभर हरभरा माझ्या हातात कोंबला, आणि मी धावत माझी बस गाठली.

गावात उतरताना हात कमरेला गेला. किल्ली होती. कपाट मात्र उघडंच राहिलं होतं. सौद्याचे ते दोन दिवस सोडले, तर बावीस वर्षांत कुलूप दोनदा ओढून पाहिल्याशिवाय मी कधी निघाले नव्हते. परतीची बस नव्हती. मेघाला फोन केला आणि सारा राग तिच्यावर काढला. "तुह्याच डोक्यातलं खूळ हाये हे! आता होस्टेलवर जायचं नाही. दुसरी पाळी सुटेपर्यंत कपाटाजवळून हलायचं नाही!" ती एवढंच म्हणाली, "हाव मॅडम."

घरी येऊन देवीसमोर बसले. आठ महिन्यांनी बोलले तेही भांडणच. एक वस्तू जरी गेली ना, तर याद राख.

सकाळी विभागात पाय ठेवला तर सगळे हळू आवाजात बोलत होते. आदल्या दिवशी दिवेलागणीला एक बाळ जन्मलं होतं, निळं, निपचित. जुनी अंबू ऐन वेळी फाटली. पाळीवरची सिस्टर आईचा रक्तस्राव सांभाळत होती. मेघा कपाटापाशी स्टूल टाकून बसली होती, मी बसवलं होतं म्हणून. तिनं नवी अंबू काढली आणि डॉक्टर येईपर्यंत श्वास देत राहिली. बाळ रडलं.

मी त्या बाळंतिणीच्या खाटेपाशी गेले. तिची आई माझ्या पाया पडायला वाकली. "तुमच्या हाताखालची पोरगी सोन्यासारखी हाये, बाई. तुमीच शिकवलं असन." मेघा शेजारीच उभी होती, मान खाली घालून. ती काही बोलणार नव्हती. फुकट मिळालेलं मी आयुष्यात कधी सोडलेलं नाही. पण ते बाळ दूध ओढत होतं, आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही माय. मी त कपाटाले कुलूप लावून जानार होती. विसरली म्हनून तुह्या लेकीचं लेकरू हाये."

त्या बाईला काय कळलं कोण जाणे. मेघा तोंड वळवून डोळे पुसत होती.

ती म्हातारी कुठल्या गावची, मी विचारलंच नाही. तिला देवीनं धाडलं होतं की नुसता फाटा चुकला होता, हे मी ठरवत बसत नाही. एवढं कळतं की त्या दिवशी माझा विसर कामी आला, माझा तापट स्वभावही कामी आला. माझी हुशारी तेवढी आड येत होती. जागेचं दुःख अजून जात नाही, खोटं कशाला बोलू? पण त्या मंगळवारी देवळात गेले आणि पहिल्यांदाच काही मागितलं नाही. हात जोडून नुसती उभी राहिले. मागे रांग खोळंबली, पुजारी दोनदा "सरका बाई" म्हणाले, तरी मला तिथून हलवेना.