पीटी सरांचं विणकाम

ॲन्सेल्म तुस्कानो यांना वसईजवळच्या गिरीज गावात अजूनही सगळे पीटी सर म्हणतात. निवृत्त होईपर्यंत त्यांनी शाळेचं मैदान सांभाळलं होतं आणि शिट्टी तोंडात नसली तरी त्यांचा आवाज रस्त्यापलीकडच्या केळीपर्यंत जायचा. निवृत्तीनंतर ते वाडीत रमले. एका सकाळी केळींना पाणी सोडताना छातीत कळ आली, मग मुंबईचं हॉस्पिटल, बायपास, आणि घरी परत आले ते हळू बोलायची, हळू चालायची ताकीद घेऊनच. वाडी श्रीपतच्या हवाली झाली. श्रीपत जुना माणूस, काम चोख करायचा, त्यामुळे सरांना ओरडायलाही काही उरलं नाही.

मग त्यांना एक सवय जडली. उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर ठेवून ते नाडी बघत बसत. जेवताना बघत, बातम्या बघताना बघत. मिस्सेला फादरांचं प्रवचन चालू असतानाही बोटं मनगटावरच.

त्यांची बायको व्हेरोनिका हातकामात गावात नावाजलेली होती. नातीगोत्यातल्या प्रत्येक बाळाच्या बाप्तिस्म्याची टोपी तिच्याच हातची. तिने काही दिवस हे पाहिलं आणि एका दुपारी त्यांच्या मांडीवर दोन सुया आणि निळ्या लोकरीचा गुंडा आणून ठेवला.

“हे काय?” सर म्हणाले.

“हात रिकामे राहिले की मनगटाकडे जातात तुमचे. धरा.”

“मी? विणू?”

“मग काय नाडीच मोजत बसणार मरेपर्यंत?”

तिने टाके चढवून दिले, सुलट टाका दाखवला. सरांनी आयुष्यभर मुलांना रस्सीखेच शिकवली होती, त्याच जोराने ते लोकर ओढायचे. टाके इतके घट्ट बसायचे की सुई पुढे सरकेना. व्हेरोनिका शेजारी बसून उसवायला लावायची. घरात एवढी वर्षं शिस्त सरांची होती, पण या कामात तिने त्यांना तसूभरही सूट दिली नाही. मफलर वीतभर झाला तेव्हा कळलं की एका टोकाला तो हातरुमालाएवढा रुंद आहे, दुसऱ्या टोकाला टायएवढा.

“राहू दे,” सर म्हणाले.

“उसवा,” ती म्हणाली.

हे सगळं दार लावून चालायचं. फाटक वाजलं की सर सुया उशीखाली सारत. पण फेबियन हा शेजारचा मित्र, तो फाटकातून कधी यायचाच नाही. एका दुपारी मागच्या पडवीतून सरळ आत आला आणि निळा गुंडा घरंगळत त्याच्याच पायाशी थांबला.

फेबियनने गुंडा उचलून दिला. पण बातमी त्याच्या पोटात राहिली नाही. रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात दोन-तीन माजी विद्यार्थी पुढे आले. आता पोटं सुटलेली, डोकी पिकलेली माणसं ती. एकजण गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “सर, आमच्यासाठीपण एक स्वेटर करा ना.” बाकीचे दुसरीकडे बघत हसले.

सर घरी आले आणि त्यांनी सुया कपाटात टाकल्या. बोटं पुन्हा मनगटावर गेली.

पुढच्या तपासणीला ते एकटेच रिक्षाने वसईला गेले. दवाखान्यात गर्दी होती. समोरच्या बाकावर त्यांच्याच वयाचा एक गृहस्थ बसला होता, इस्त्रीचा शर्ट, पायांत बूट, आणि तोही बोटं मनगटावर ठेवून, घड्याळाकडे डोळे लावून. सर त्याच्याकडे बघत राहिले. थोड्या वेळाने त्या गृहस्थाची नजर वर आली, सरांच्या हातांकडे गेली. दोघांनीही आपापले हात खाली घेतले. त्याचा नंबर आधी लागला आणि तो आत गेला.

घरी आल्यावर सरांनी चहा घेतला, कपाट उघडलं, आणि खुर्ची उचलायला मनाई असल्यामुळे ती सरकवत सरकवत पुढच्या ओट्यावर नेली. रस्ता तिथून दहा पावलांवर. स्कूटरवरून जाणारी गावातली जयवंती वळून बघत गेली, भाजीच्या टेम्पोने वेग कमी केला. सर मान खाली घालून विणत होते. येणारे-जाणारे काय बोलतात ते ऐकू येत नव्हतं असं नाही.

मफलर झाला. मग कॅनडातल्या नातवासाठी, एल्रॉयसाठी, स्वेटर झाला. त्यांची मुलगी ॲनिशा व्हिडिओ कॉलवर म्हणाली, “डॅडी, एक बाही लांब आहे, पण तो दुमडून घालतो.” सरांनी मोबाइल व्हेरोनिकाकडे दिला आणि ती बाही कुठे चुकली ते आठवत बसले.

त्याच वर्षी व्हेरोनिकाने आळीतल्या क्रुसाच्या सणासाठी, क्रुसापुढे होणाऱ्या मिस्सेच्या वेदीचा कपडा भरायला घेतला होता. पांढऱ्या कापडाच्या काठाने द्राक्षांचे घड आणि गव्हाच्या लोंब्या. निम्मा काठ झाला आणि तिला जांभळा दोरा नि काळा दोरा सारखाच दिसायला लागला. मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं, सुईकामाला महिनाभर बंदी.

“सण मे महिन्यात आहे,” ती काळ्या चष्म्याआडून म्हणाली. “कुणाला तरी द्यावं लागेल.”

“मी आहे की.”

“विणणं वेगळं, भरतकाम वेगळं.”

वेगळं होतंच. सरांचा हात जड, कापड चुण्या पडून गोळा व्हायचं. ती पाहू शकत नव्हती म्हणून बोटाने चाचपायची. “इथे ओढलंय. उसवा.” कधी कधी एक द्राक्ष सबंध दुपार खायचं. त्यातच एकदा त्यांनी सुई आपटली आणि म्हणाले, “मुलांना मी इतकं छळलं नसेल.” ती म्हणाली, “विचारा कुणालाही.”

सण आला तेव्हा काठाची एक बाजू कोरीच होती. सरांचं म्हणणं, ती बाजू मागे ठेवू, लोकांना काय दिसणार. व्हेरोनिकाने कपडा दिला नाही. “फादर वेदीमागेच उभे असतात,” ती म्हणाली. क्रुसापुढच्या मांडवात जुनाच कपडा अंथरला गेला, मेणाच्या डागांसकट. सर मिस्साभर धुमसत होते. परतताना तिने त्यांचा हात मात्र धरला होता, कारण उन्हात तिला अजून नीट दिसत नव्हतं.

उरलेली बाजू पावसाळ्यात झाली, अर्धी त्यांनी, अर्धी तिने. डोळा बरा झाल्यावर तिने सरांचे घड पहिल्यांदा नीट पाहिले. बराच वेळ पाहिले. दोन उसवले, बाकीचे राहू दिले.

दुसऱ्या वर्षीच्या सणाला तो कपडा वेदीवर होता. तो कुणी भरला हे कुणी खास विचारलं नाही, कुणी खास सांगितलं नाही. सध्या सर मोजे विणायला शिकतायत. टाचेपाशी वळण घ्यायचं असतं, ते त्यांना अजून जमलेलं नाही.