खडवलीपलीकडचं विवर

पप्पा रिटायर झाल्यापासून दुपारभर कॉम्प्युटरवर उल्काविवरं बघत बसायचे. वरून, उपग्रहातून दिसणारी. आधी लोणार, मग कॅनडातलं बांगडीच्या आकाराचं तळं. गेल्या हिवाळ्यात मात्र मी खोलीत गेले की ते स्क्रीन बंद करायला लागले. दर मंगळवारी बाहेरही पडायला लागले. "कल्याणला, मित्राकडे," म्हणायचे.

"मित्राच्या घरात एवढा चिखल असतो?" त्यांचे बूट बघून मम्मीने मला विचारलं.

कोणीतरी त्यांना प्लॉटच्या नादी लावलंय असा मला संशय आला. एका मंगळवारी मी रजा टाकली आणि त्यांच्या मागे गेले. ते लोकलमधून कल्याणला उतरलेच नाहीत, थेट खडवलीला उतरले. तिथून अर्धा तास चालत टेकडीमागे गेले. तिथे पाण्याने भरलेला मोठा गोल खड्डा होता आणि पप्पा टेप लावून त्याची कड मोजत होते. शेळ्या राखणारी एक म्हातारी त्यांच्यावर डोळा ठेवून बसली होती.

"तू माझ्या मागे आलीस?" पप्पांनी विचारलं.

"तुम्ही खोटं बोललात म्हणून."

"हे उल्काविवर असणार. खात्री झाल्यावर सांगणार होतो. आधी सांगितलं असतं तर हसला असतात."

"पयल्याच दिवशी सांगतलं यांना," म्हातारी म्हणाली. "खदान हाय ती. माझा नवरा हितं सुरुंग लावायचा."

पप्पांनी मला बाजूला घेतलं. "ती लपवतेय. सरकार जमीन घेईल अशी भीती आहे तिला."

मी पाण्याच्या कडेला उतरले. कातळावर एका ओळीत उभ्या खाचा होत्या, सगळ्या सारख्या अंतरावर. मी पप्पांना बोलावलं. त्यांनी एका खाचेत बोट घालून वरपासून खालपर्यंत फिरवलं. सुरुंगासाठी पहारीने पाडलेलं भोक होतं ते. त्यांनी टेप गुंडाळून खिशात ठेवली. मग म्हातारीजवळ जाऊन म्हणाले, "माझं चुकलं, मावशी. मी जमिनीसाठी नव्हतो आलो."

"समदे असंच बोलतात," ती म्हणाली. आम्ही वळणाआड होईपर्यंत ती उभीच होती.

पुढच्या मंगळवारी पप्पा तिला त्या जागेचा उपग्रहातून काढलेला फोटो द्यायला गेले. मीही गेले. तिने फोटोत आपलं छप्पर शोधलं, त्यावर बोट ठेवलं आणि पप्पांकडे रोखून पाहिलं.

"ह्यो काढला कुनी? आमाला न इचारता?"

पप्पांनी वर आभाळाकडे बोट दाखवलं. तिने फोटो मात्र ठेवून घेतला.