माझा बाप दारुडा नव्हता

डोंबिवलीत, आमच्या दिग्दर्शकांच्या घरी नाटकाचं पहिलं वाचन झालं. आमच्या नाट्यसंस्थेची रीत होती. वाचन संपलं की प्रत्येकाने एका वाक्यात सांगायचं, नाटकात कोण कोणाविरुद्ध उभं आहे. नाटक माझं होतं. मी म्हणालो, "गटार उपसणारा माणूस, आणि त्याला हात धुवायला पाणी न देणारी सोसायटी."

"अरे, हा संघर्ष नाही, हे गाऱ्हाणं आहे. ते घेऊन महापालिकेत जा," दिग्दर्शक म्हणाले. "आणि जरा लांब बस बाबा. तुझ्या नाटकाला वास येतोय."

सगळे हसले. मीही हसलो. आणि खरंच जरा लांब सरकलो.

वडील ठाण्यात सफाई कामगार. आमची खोली कळव्याला. एका सोसायटीचं तुंबलेलं चेंबर त्यांनी आत उतरून मोकळं केलं. वर येऊन बागेतला नळ सोडला, तर चेअरमनने येऊन बंद केला. "घरी जाऊन धू." तशाच अंगाने ते खाडीपुलावरून चालत आले. रस्ताभर माणसं नाक धरून बाजूला होत होती. एवढंच माझं नाटक होतं.

"प्रेक्षक तिकीट काढून स्वतःला शिव्या खायला येत नाही," दिग्दर्शक म्हणाले. "संघर्ष घरात आण. बाप दारुडा, मुलगा शिकलेला."

आठ दिवसांत मी तसं लिहून दिलं. कोणी हात धरून लिहवून घेतलं नाही. मुलाची भूमिकाही मीच केली. शेवटी मुलगा बापाला घराबाहेर ढकलतो. तिथे टाळ्या पडायच्या. स्पर्धेत बक्षीसही मिळालं.

एका प्रयोगाला वडिलांना नेलं. ते इस्त्रीचा सदरा घालून आले. परत येताना म्हणाले, "मी कधी प्यायलेलो रे?"

"नाटक आहे ते, बाबा."

त्यांनी मान हलवली. हा माणूस सुपारीसुद्धा खात नव्हता. पुढे ते माझ्या एकाही प्रयोगाला आले नाहीत. ते गेल्यानंतरही मी त्या नाटकासाठी शाली घेत राहिलो.

गेल्या महिन्यात डोंबिवलीतल्याच एका नाट्यशिबिरात बोलावलं होतं. मुलांना ते नाटक पुन्हा बसवायचं होतं. फळ्यावर लिहिलं होतं: 'मध्यवर्ती संघर्ष – व्यसनी बाप विरुद्ध महत्त्वाकांक्षी मुलगा.' पुढच्या खुर्चीत आमचे दिग्दर्शक, आता पार थकलेले.

मी उठून ती ओळ पुसली. नळाची गोष्ट सांगितली, टाळ्यांचीही.

"अरे, तो प्रश्न आपण तेव्हाच सोडवला," दिग्दर्शक म्हणाले.

"सोडवला नाही, सर. तुम्ही चेअरमनला वाचवलंत आणि मी माझा बाप दिला."

एक मुलगी म्हणाली, "काका, पण आमच्या तालमी अर्ध्यावर आल्यात."

"थांबवा. माझी परवानगी नाही."

माझ्यामागेही ती मिळणार नाही, तसं लेकीला लिहून दिलं आहे. पहिली संहिता आता आठवून पुन्हा लिहितो आहे. सोसायटी आहे, चेअरमन नावानिशी आहे. त्यांच्याच बाजूला एक माणूस जास्तीचा उभा केला आहे. टाळ्यांसाठी बापाला दारुडा करणारा मुलगा. तो शेवटच्या अंकात माफी मागतो. त्याला ती मिळत नाही.