कोनता गावना?

बैलगाडीत आधी मिठाची पोती चढली, मग कापडाचे गठ्ठे, शेवटी मी. रनाळ्याच्या वेशीवर लोक जमले होते. निरोप द्यायला थोडे, गंमत पाहायला जास्त.

"पाटीलना हातमा तागडी!" शेजारचे दगाआप्पा मोठ्याने म्हणाले. शेतकऱ्याच्या पोराने तराजू धरावा हे गावाला रुचले नव्हते.

"नांगरले बैल लागतस आप्पा, तागडीले अक्कल लागस," नाना म्हणाले.

नाना म्हणजे माझे काका. वडील लवकर गेले होते, घर नाना पाहत. त्यांनी रनाळ्यात किराणा आणि कापडाचे दुकान काढले, ते चालले. मग त्यांच्या मनात धडगाव आले. सातपुड्यात सरकारी कचेऱ्या उघडत होत्या, रस्ता होणार अशी बोलवा होती. सगळ्यांच्या आधी तिथे दुकान टाकायचे, असे ठरले. पहिल्या दिवाळीपर्यंत मी बसायचे, नंतर नानांचा मुलगा माधव येऊन मला सोडवणार. मला परत येऊन तापीकाठची आमची जमीन करायची होती. एवढीच माझी अट होती आणि ती नानांनी मान्य केली होती.

आई गाडीपाशी आली. "कोनी इचारं तं सांगजो, रनाळाना शे," म्हणाली. तिच्या दृष्टीने ही सर्वात मोठी शिदोरी होती.

शहाद्यापर्यंत गाडी, पुढे घाटात घोड्यांवर माल. धडगावला पोचलो तेव्हा कळले की मी परक्या मुलखात आलो आहे. जिल्हा तोच होता, पण लोक पावरी बोलत. मला अहिराणी येत होती आणि शाळेतली मराठी. दोन्ही तिथे अपुऱ्या पडत.

दुकान नानांनी रनाळ्यासारखेच बांधवून घेतले होते. उंच ओटा, गादी, पांढरी चादर. रनाळ्यात ओट्यावरूनच वाटसरूला हाक जाते आणि गिऱ्हाईक पायरी चढून येते. नानांची शिकवण एकच होती: "गिऱ्हाईक उनं का पहिले नावगाव इचारजो. मानूस खूश व्हस." आमच्याकडे ते खरेच आहे. गाव सांगितले की नाते निघते, नाते निघाले की चहा होतो.

बाजाराच्या दिवशी डोंगरातून लोक उतरले. डोक्यावर चारोळी, डिंक, मोहाची फुले. ओट्यापाशी थांबले, मिठाकडे पाहिले. मी हसून विचारले, "नाव काय भाऊ? कोनता गावना?" ते निघून गेले. पलीकडे जमिनीवर पसारा मांडलेल्या माणसाकडून तेच मीठ महाग घेतले. पुढच्या बाजारीही तसेच झाले. नानांनी पाठवलेली नऊवारी लुगडी उंदरांनी उलगडली. डोंगरातल्या बाया ती नेसत नव्हत्या, हे रनाळ्यात कोणी विचारलेच नव्हते.

पावसाळा आला, घाट बंद झाला. माल येईना आणि मलाही जाता येईना.

गिऱ्हाईक का निघून जाते, याचे उत्तर मला ओट्यावर बसूनच मिळाले. समोर एक वनरक्षक उभा होता. लाकडाची मोळी घेऊन चाललेल्या माणसाला त्याने अडवले आणि वही काढली. "नाव काय? गाव कोणतं?" शब्द माझेच होते. मोळीवाल्याचा चेहराही माझ्या गिऱ्हाइकांचाच होता. त्या मुलखात नाव आणि गाव विचारणारा माणूस उंचावर बसलेला किंवा वही काढलेला असे, आणि त्याला उत्तर दिले की पुढे दंड नाहीतर खटला लागे. मी माया दाखवत होतो. त्यांना ती चौकशी वाटत होती.

पुढच्या बाजारी मी चादर काढली, मिठाचे पोते खाली जमिनीवर आणले आणि त्याच्या शेजारी उकिडवा बसलो. काही विचारले नाही. बराच वेळ गेला. एक उंच माणूस येऊन समोर बसला. चिमूटभर मीठ जिभेवर ठेवले, माझ्याकडे पाहिले आणि मोडक्या अहिराणीत म्हणाला, "आज नाव नहीं इचारं, शेठ?"

आजूबाजूचे हसले. मीही हसलो.

"मन्हं नाव सायसिंग," तो म्हणाला.

तिथून दुकान चालू लागले. मी पावरी शिकलो, नाती शिकलो, कोणत्या घरात कोणता रंग चालतो ते शिकलो. धुळ्याच्या एका साप्ताहिकाला बातम्या पाठवू लागलो: घाट बंद, घाट सुरू, चारोळीचा भाव. आपण जिथे अडकलो आहोत तिथली बातमी कमी शब्दांत लिहायची सवय तिथेच लागली.

दिवाळीला माधव आला. मी त्याला सगळे समजावले आणि सामान बांधून मागच्या खोलीत थांबलो. पहिलेच गिऱ्हाईक आले आणि माधवच्या तोंडून आपोआप निघाले, "कोनता गावना रे भाऊ?" गिऱ्हाईक उठले. सायसिंग मागच्या दाराने आला आणि मला म्हणाला, "हाऊ कोन शिपाई लई उना तू?" काही बाजार गेल्यावर माधव खाली परतला. मी सामान सोडले.

त्यानंतर दरवर्षी दिवाळी आली. नाना एकदा स्वतः वर आले. मला जमिनीवर बसून पावरीत घासाघीस करताना त्यांनी दुरून पाहिले. "तुन्हाबिगर हाई दुकान चालाव नहीं," म्हणाले. ते कौतुक होते. दुकान बुडाले असते तर मी हरून का होईना, घरी गेलो असतो. ते चालले, म्हणून दार बंद झाले.

महाराष्ट्र झाला, त्यानंतर आमच्या घराच्या वाटण्या झाल्या. तापीकाठची जमीन माधवला, रनाळ्याचे दुकान माधवला, धडगाव मला. "तू तठला व्हई गया," नाना म्हणाले. त्यांच्या आवाजात कपट नव्हते, म्हणून भांडताही आले नाही.

हे मी रनाळ्यात राहिलेल्यांसाठी लिहितो आहे, आणि जे माझ्यासारखे वर गेले त्यांच्यासाठीही.

मध्यंतरी रनाळ्याला गेलो. आई तेव्हा राहिली नव्हती. दुकानाच्या ओट्यावर, त्याच पांढऱ्या गादीवर, माधवने ठेवलेला नवा गुमास्ता बसला होता. मी खाली उभा राहून मिठाच्या पोत्याकडे पाहत होतो. त्याने फार मायेने, अगदी नानांच्या शिकवणीप्रमाणे हाक दिली, "या ना भाऊ! कोनता गावना?"

मी उत्तर न देता चालू लागलो. वळणावर गेल्यावर लक्षात आले की मी सायसिंगच्या लोकांसारखा चालतो आहे, घाई न दाखवता, मागे न पाहता.

धडगावात मला गाव कोणी विचारत नाही. बाहेरचा एखादा साहेब विचारतो, तेव्हा आईने दिलेले उत्तर मी लगेच देतो, "रनाळाना शे." ते सगळीकडे चालते. फक्त रनाळ्यात देता आले नाही.