पुढचे दात भागिले मागचे दात

वाळू आणि किस्से, दोन्ही न बोलावता घरात येतात. दुबईच्या अल कुसैसमधल्या आम्हा तीन सायकलवाल्यांकडे दोन्हींचा ढीग आहे.

कुलकर्णी आमचे गिअरगुरू. इंजिनिअर. "पुढच्या चकतीचे दात भागिले मागच्या चकतीचे दात. पन्नासला पंचवीस, म्हणजे दोन. एका पेडलला चाक दोनदा फिरतं. आकडा लहान, तितका चढ हलका." करक चहाच्या रांगेत त्यांनी हे एका अनोळखी माणसाला समजावलं. त्याने शांतपणे सगळं ऐकलं.

"भाईसाब, इसमें घंटी किधर है?"

वसईचा डिमेलो हॉटेलात शेफ. अल कुद्राच्या ट्रॅकवर समोरून वारा सुटला, तेव्हा याने दोन्ही हातांनी एकदम गिअर बदलले. प्रचंड खडखडाट! "यल्ला, चला, आता हलकी होणार!" झाली नाही. मागून कुलकर्णी ओरडले, "पन्नास-पंचवीसवरून चौतीस-सतरावर आलास! दोनचे दोनच!"

डिमेलो म्हणाला, "मग हिने एवढा आवाज कशाला केला?"

कुलकर्णींनी लेकीला, सईला, विचारलं, "मागे मोठी चकती तीस दातांची घेऊ की चौतीसची? चढावर कुठली बरी?"

सई मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "बाबा, यू कॅन ऑल्सो ईट लेस."

चढाचं कारण जेबेल जैस. गेल्या हिवाळ्यात त्या डोंगरावर कुलकर्णी सायकल ढकलत गेले आणि मेधावहिनींनी व्हिडिओ पुण्याला माहेरी पाठवला. सासऱ्यांनी उत्तरादाखल नुसते जोडलेले हात पाठवले. ते बिचाऱ्याच्या फार जिव्हारी लागलं. "यंदा पाय टेकला, तर सायकल विकून टाकीन!" म्हणून खास चौतीस दातांची चकती आली. पुढेही चौतीस, मागेही चौतीस. भागाकार एक. त्यांच्या सायकलवर याहून हलकं काही नाही.

यंदा गडी खरंच चढला. आम्ही दोघं मागून देवाचं नाव घेत होतो, आपापल्या. शेवटचं वळण आलं. वर पार्किंगमध्ये वहिनी मोबाइल धरून उभ्या. तेवढ्यात कुलकर्णींची सायकल डुगडुगली, थांबली आणि पाय टेकला. मला खरोखर वाईट वाटलं.

जवळ जाऊन पाहिलं, तर चेन मागे अलीकडच्याच, लहान चकतीवर. मागची चौतीसची कोरी करकरीत, तेलाचा डागही नाही.

डिमेलो किंचाळला, "अरे, चौतीसचा गिअर टाकलाच नाहीस?"

कुलकर्णी धापा टाकत म्हणाले, "अडीअडचणीला राखून ठेवला होता."