लाल टीम, हिरवी हुडी

कॉलेजचं अमेरिकन फुटबॉल बघायला जास्त मजा येते की व्यावसायिकांचं, असा प्रश्न मला पाया लेबारच्या आमच्या ऑफिसात, कॉफी मशीनसमोर, एका सोमवारी विचारला गेला. विचारणारा माझा अमेरिकन सहकारी. गडी उंचापुरा, मोकळा आणि फुटबॉलचा विषय निघाला की हातातलं काम टाकून देणारा. मी मूळचा पुण्याचा, या बेटावरच्या देशात नोकरीला आलेला, कॉमर्सचा, हिशेब तपासण्यात जन्म गेलेला माणूस. फुटबॉल म्हणवणारा हा खेळ हातांनी का खेळतात, इथेच माझं घोडं पेंड खात होतं. तरी मी ठासून म्हणालो, "कॉलेज." त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. माझी मुलगी कॉलेजात होती म्हणून मी कॉलेज म्हणालो, दुसरं काही कारण नव्हतं.

मुलगी त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेला गेली होती. एकुलती एक. बिशानला, आम्ही राहतो त्या भागात, वाढली, इथल्याच शाळेत शिकली. आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, शेवटी इथली सगळी मुलं लावतात तो 'ला' लावून, असा आमच्या घरचा रिवाज. कॅन ला. डोन्ट वॉन्ट ला. मला त्या 'ला'चा फार राग यायचा. तिकडे गेल्यावर सुरुवातीला रोज व्हिडिओ कॉल झाले. मग एक दिवसाआड. मग नुसतं फाइन, बिझी, ऑल गुड. त्यात 'ला'सुद्धा नव्हता. बायको म्हणायची, "रमली असेल." मीही म्हणायचो, "रमलीच असणार." आपलं म्हणणं स्वतःलाच पटलेलं नाही, हे दोघांनीही एकमेकांना सांगितलं नाही.

त्याच सुमारास सहकाऱ्याने मुलीची चौकशी केली. मी राज्याचं नाव सांगितलं. तो एकदम खुलला. म्हणाला, "मग त्यांच्या युनिव्हर्सिटीची मॅच बघ. दर शनिवारी असते, म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी. मुलीशी बोलायला विषय मिळेल." विद्यापीठ कुठलं, हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मला ती गरजच वाटली नाही. आमच्या वेळी पुण्यात कॉलेजं ढीगभर आणि विद्यापीठ एकच. कुठल्याही कॉलेजात जा, मार्कलिस्टवर शिक्का त्याचाच. तेव्हा राज्याच्या नावाचं जे विद्यापीठ असेल त्याच्याच पोटात मुलीचं कॉलेज कुठेतरी असणार, हे मी धरून चाललो. तिच्या प्रवेशाच्या कागदांवरही राज्याचं नाव होतंच. आणखी काय हवं?

रविवारी सकाळी आम्ही दोघं टीव्हीसमोर बसलो. खालून आणलेली कोपी, म्हणजे इथली दाट गोड कॉफी, बायकोचा उपमा आणि पडद्यावर लाल कपड्यांतले धिप्पाड तरुण. पहिला तासभर मला काहीही कळलं नाही. सगळे ओणवे होतात, शिट्टी वाजते, चार-पाच सेकंद झोंबाझोंबी होते आणि मग पुन्हा सगळे कमरेवर हात ठेवून उभे. दहा यार्ड पुढे जायला चार संधी असतात, एवढं हळूहळू उमगलं. पण घड्याळ नाही उमगलं. शेवटची दोन मिनिटं उरली म्हणून मी आंघोळीला गेलो. आंघोळ करून, देवाला फूल वाहून आलो, तरी अजून दीड मिनिट बाकीच होतं.

बायकोला खेळाशी देणंघेणं नव्हतं. कॅमेरा विद्यार्थ्यांच्या गर्दीवरून फिरला की ती चष्मा सावरून पुढे सरकायची. लाल शर्टांचा समुद्र, रंगवलेले चेहरे, एका सुरात चाललेला आरडाओरडा. त्यात ती आपलं पोर शोधायची. "ती बघा, ती डावीकडची," असं तिने पहिल्याच दिवशी तीन वेगवेगळ्या मुलींना म्हटलं. मला हसू आलं. पण पुढच्या वेळी कॅमेरा फिरला तेव्हा मीही पुढे सरकलो.

लाल टीम जिंकली. मी लगेच फोन लावला. तिकडे रात्र झाली होती, पण तिने उचलला.

"जिंकलात की गं."

"येस, बाबा."

"तू होतीस ना स्टेडियममध्ये?"

ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "ऑफ कोर्स. एव्हरीवन वेन्ट क्रेझी."

आणि मग ती बोलत राहिली. शेवटचा झेल कसा घेतला, तो घेताना एकच पाय रेषेच्या आत होता तरी कसा धरला गेला. कॉलेजमध्ये एक पाय चालतो, हे तिने तिच्या इंग्रजीत समजावलं. व्यावसायिकांत दोन्ही लागतात. फोन ठेवायची घाई नाही, बिझी नाही. बायकोने माझ्या हातातून फोन घेतला आणि जेवलीस का, काय जेवलीस, इथपासून सुरुवात करून आम्ही तिला गर्दीत कसं शोधलं इथपर्यंत आली. त्या दिवशी घरात सणाचा दिवस असल्यासारखं वाटलं. मी मनातल्या मनात सहकाऱ्याचे आभार मानले.

मग तो नेमच झाला. मी एकदा पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो आणि नेमके तेव्हाच लालवाल्यांनी गुण मिळवले. क्रिकेटमध्ये आयुष्य घालवलेल्या घरात याचा अर्थ एकच. तेव्हापासून लाल टीम अडचणीत आली की बायको म्हणायची, "अहो, तुम्ही जरा आत जाऊन उभे राहा." मी ओट्याशी उभा राहून बाहेरचा आवाज ऐकायचो. माझ्या वाट्याचा बराचसा खेळ मी असाच बघितला.

एक गोष्ट मात्र बायकोला खटकत होती. व्हिडिओ कॉलवर पोरीच्या अंगात कॉलेजची हुडी असायची, ती हिरवी.

"सगळे लाल, आणि हिची हिरवी का हो?"

"हॉस्टेलची असेल. नाहीतर बाहेरगावच्या सामन्यांसाठी वेगळा रंग असतो, तो असेल."

"मग हिच्याकडे बाहेरगावचीच कशी?"

"अगं, ती बाहेरगावचीच आहे."

या उत्तराने तिचं समाधान झालं नाही, पण तिने विषय सोडला. मी माझ्या हजरजबाबीपणावर खूश होतो.

नोव्हेंबरच्या शेवटी एका रविवारी टीव्ही लावला तर समोरच्या टीमचे कपडे हिरवे. तसलेच हिरवे. प्रेक्षकांत अर्धे लाल, अर्धे हिरवे. कॅमेरा हिरव्या बाजूवर गेला आणि पोरीच्या अंगात असते तीच हुडी, छातीवरच्या त्याच अक्षरासकट, शेकडो पोरांच्या अंगावर दिसली. बायकोने हातातली बशी खाली ठेवली.

"अहो, हे काय आहे?"

"एकाच विद्यापीठाची दोन कॉलेजं असतील," मी म्हणालो. "आंतरमहाविद्यालयीन फायनल." म्हणताना माझा आवाज मलाच खोटा वाटला. तेवढ्यात समालोचक सांगायला लागला की ही राज्यातली दोन वेगळी विद्यापीठं आहेत, दोघांचं वैर फार जुनं आहे आणि आजच्या दिवशी तिथे एकाच घरातले सख्खे भाऊही एकमेकांशी बोलत नाहीत. लाल टीम जिंकली. त्या दिवशी मला कोणी आत जायला सांगितलं नाही. आम्ही फोन केला नाही. तिचा मेसेज आला, परीक्षा आहे, बिझी.

सोमवारी मी सहकाऱ्याला मुलीच्या विद्यापीठाचं पूर्ण नाव सांगितलं. तो भिंतीला टेकून हसला. म्हणाला, "म्हणजे तू इतके आठवडे शत्रूसाठी ओरडत होतास?" मीही हसलो. मग त्याने सहज सांगितलं की तिचं गाव लालवाल्यांच्या स्टेडियमपासून गाडीने दोन तासांवर आहे, आणि मधले काही सामने तर दुसऱ्याच राज्यांत झाले होते. मी हसतच जागेवर येऊन बसलो. बसल्यावर मात्र हसू गेलं. प्रत्येक रविवारी मी तिला विचारलं होतं, तू होतीस ना? आणि प्रत्येक वेळी ती हो म्हणाली होती. मी घाबरलो. समोर उघडलेल्या फाइलमधलं एक अक्षर मला दिसेना.

घरी येऊन बायकोला सांगितलं. आधी ती माझ्यावरच उखडली, "पोरगी कुठल्या कॉलेजात आहे हे बापाला माहीत नाही?" शेवटी म्हणाली, "मग ती दर शनिवारी होती कुठे?"

तो आठवडा कसा गेला ते मला नीट सांगता येणार नाही. विचारावं, तर पोरीला वाटेल आपण तिला पकडलं. न विचारावं, तर ती तशीच हो हो म्हणत राहणार. कधी तिचा राग यायचा, कधी स्वतःचा. रात्री बायको म्हणायची, "परत बोलवून घेऊ. इथे काय युनिव्हर्सिट्या नाहीत? इथल्या मेट्रोने, एमआरटीने जाईल, एमआरटीने येईल." सकाळी तीच म्हणायची, "नको, एवढ्या हौसेने गेलीय." आपलं मूल सुखात आहे की नाही, एवढी एक साधी गोष्ट आम्हाला हवी होती, आणि ती कुठल्या बाजूने तपासायची तेच कळत नव्हतं.

पुढच्या रविवारी मॅच नव्हती. मी फोन लावला आणि सगळा दोष आपल्याकडे घेऊन सुरुवात केली. "अगं, गंमत झाली. आम्ही इतके दिवस चुकीचीच टीम बघत होतो."

ती म्हणाली, "आय नो ला, बाबा."

तो 'ला' ऐकून मी फोन स्पीकरवर टाकला.

"तुला माहीत होतं?"

"सिन्स डे वन. यू सेड, जिंकलात. वी लॉस्ट दॅट डे."

"मग बोलली का नाहीस?"

"यू वेअर सो हॅपी. आई वॉज लुकिंग फॉर मी इन द क्राउड. हाऊ टु से?"

हळूहळू एकेक बाहेर आलं. स्वतःच्या कॉलेजच्या सामन्याला ती एकदाच गेली होती, अगदी सुरुवातीला. सगळे घोळक्याने आलेले, सगळ्यांना घोषणा पाठ, कधी उभं राहायचं, कधी हात वर करायचे ते ठाऊक. ही एकटी, हिरवी हुडी घालून. अर्ध्यातच उठून आली. त्यानंतर शनिवारी संध्याकाळी सगळं हॉस्टेल रिकामं व्हायचं तेव्हा ही तळमजल्यावरच्या कपडे धुण्याच्या खोलीत जाऊन बसायची, कारण मशीन चालू असलं की तिथे आवाज असतो. पहिल्या शनिवारी तिथल्या टीव्हीवर लालवाल्यांची मॅच लागलेली होती, म्हणून माझ्या प्रश्नांना उत्तरं देता आली. पुढचे सगळे शनिवार ती स्वतःहून लावायला लागली. मी विचारणार, हे तिला ठाऊक होतं.

म्हणजे तिने तो झेल खरंच बघितला होता. आम्ही बिशानला ज्या क्षणी ओरडलो त्याच क्षणी. आम्ही तिला त्या गर्दीत शोधत होतो आणि ती आमच्यासारखीच गर्दीच्या बाहेर बसून तेच चित्र बघत होती. हे कळल्यावर बरं वाटावं की वाईट, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही. बायको डोळे पुसत होती. मी तिच्याकडे पाठ केली, कारण माझंही तेच चाललं होतं.

"परत यायचंय का तुला?" मी विचारलं. "खरं सांग. आम्हाला काय वाटेल ते बघू नकोस."

ती म्हणाली, "नॉट येट ला. सी फर्स्ट."

मग तिनेच सांगितलं की हल्ली ती कपडे रविवारी धुते. रविवारी ती खोली भरलेली असते, सगळ्यांनाच सोमवारसाठी धुतलेले कपडे हवे असतात. टीव्हीवर व्यावसायिकांची मॅच लागते. बघणारे कुठून कुठून आलेले, कुणाचीच टीम नाही, तू कुणाचा असं कोणी विचारत नाही. एका मुलीने तिला घड्या घालायला मदत केली. "प्रो इज बेटर, बाबा."

"का?"

तिने इंग्रजीत समजावलं. कॉलेजमध्ये बॉल घेऊन पळताना तू आपोआप पडलास, गुडघा टेकला, की खेळ संपला. प्रोमध्ये तसं नाही. तुला कोणी पाडलं नसेल तर तू उठून परत पळू शकतोस.

हा नियम आहे की ती मला दुसरं काही सांगतेय, ते मला कळेना. मी नुसतं "हं" म्हणालो.

आता आमचा नेम सोमवारचा आहे. मी उठतो तेव्हा पहाटे सुरू झालेली मॅच अर्ध्यावर आलेली असते. तिकडे तिची रविवारची संध्याकाळ. ऑफिसला निघेपर्यंत फोन डब्याशेजारी उभा करून ठेवायचा. तिच्या बाजूने मशीनची घरघर ऐकू येते, मधूनमधून दुसऱ्या मुलींचे आवाज येतात. कधी येतच नाहीत. ते आले नाहीत की मी बूट घालायला उशीर करतो.

परवा एकजण बॉल घेऊन मोकळ्या मैदानात पळत सुटला आणि पाय घसरून पालथा पडला. जवळपास कोणी नव्हतं. तो तसाच पडून राहिला, बहुधा त्यालाही आपलं संपलं असंच वाटलं. मी उभा राहिलो. "ऊठ," मी टीव्हीला म्हणालो. "अरे, ऊठ की. तुला कोणी हातसुद्धा लावलेला नाही."

"बाबा, त्याला ऐकू जाणार नाही," मुलगी फोनवरून म्हणाली. तेही मराठीत. मग मशीन थांबल्यावर म्हणाली, "पण मला ऐकू येतंय."